भांडण सोडवणाऱ्याचा हक्क कुठपर्यंत?

वकीलताईंना नमस्कार,

आमचं दुमजली घर आहे. वर आम्ही राहतो, खालच्या दोन खोल्या दोघा सख्ख्या भावांना भाड्याने दिल्या आहेत. आठवड्यापूर्वी रात्री अकराच्या सुमारास त्या दोघांची पैशांवरून जुंपली. थोरला दारू प्यायलेला होता. आरडाओरडा ऐकून मी आणि माझा मुलगा खाली गेलो, तर थोरल्याच्या हातात लोखंडी गज आणि धाकटा भिंतीला टेकलेला, डोक्यातून रक्त. मी ओरडलो, त्याने ऐकलं नाही. गज परत उचलला तेव्हा मी त्याला जोरात ढकललं. तो ओट्यावरून खाली पडला, गज लांब जाऊन पडला. त्याचं मनगट मोडलं. रागाच्या भरात मी कोपऱ्यातली काठी घेऊन त्याच्या मांडीवर एक फटका मारला. तो पळून जाऊ नये म्हणून मुलाने फाटकाला कुलूप लावलं आणि ११२ ला फोन केला. पोलीस पाऊण तासाने आले.

आता दोघे भाऊ एक झालेत. थोरल्याने माझ्यावर आणि मुलावर तक्रार दिली आहे. धाकटा म्हणतो, घरगुती वाद होता, मालकांनी उगाच हात टाकला. माझ्याच घरात, माझ्याच अंगणात मारामारी थांबवायचा मला हक्क नाही का? मला अटक होईल का? यांना घराबाहेर काढू शकतो का? आणि पुढच्या वेळी खिडकीतून बघत बसायचं का?

— एक घरमालक

नमस्कार,

तुम्ही त्या रात्री तीन गोष्टी केल्यात आणि पत्रात त्या एका दमात सांगितल्यात: ढकललं, काठी मारली, कुलूप लावलं. पोलीस आणि कोर्ट त्या एका दमात वाचणार नाहीत. तिन्हींचा हिशोब वेगळा होणार आहे. ढकलण्याबद्दल मी तुमच्या बाजूने ठामपणे बोलू शकते. कुलपाबद्दलही बोलण्यासारखं बरंच आहे. काठीबद्दल मात्र तुम्हाला आवडेल असं काही माझ्याकडे नाही.

पण आधी ते ‘माझ्याच घरात, माझ्याच अंगणात’. तुम्ही त्यावर फार भिस्त ठेवली आहे आणि त्या रात्रीच्या मारामारीत त्याला जवळपास काही किंमत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेतली ९६ ते १०६ ही कलमं जवळपास तशीच तिथे आली आहेत, म्हणून जुने निवाडे आजही लागू पडतात. कलम ३५ सांगतं, की स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्याही शरीरावर हल्ला होत असेल तर तो रोखण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. नातं लागत नाही, जागेची मालकी लागत नाही. त्या वेळी फाटकाबाहेरून एखादा अनोळखी माणूस जात असता आणि त्याने आत येऊन थोरल्याला ढकललं असतं, तर त्याला तुमच्याइतकाच हक्क होता. धाकट्याच्या डोक्यावर गज येत होता, हक्क त्यातून जन्मला.

याच कलमाचा दुसरा भाग मालमत्तेचा आहे. चोरी, जबरी चोरी, नासधूस आणि फौजदारी अतिक्रमण यांच्यापासून मालमत्ता वाचवण्यासाठी तो आहे. तुमचे भाडेकरू अतिक्रमण करून आलेले नाहीत, त्या खोल्यांचा ताबा कायद्याने त्यांचाच आहे. त्यांनी तुमची गाडी फोडायला घेतली असती, किंवा बाहेरून चार टगे मारायला बोलावले असते, तर गोष्ट वेगळी होती. कलम ३२९ नुसार रीतसर आत आलेला माणूससुद्धा धमकावण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या इराद्याने बेकायदा थांबून राहिला तर ते अतिक्रमण होतं. तुमच्या प्रकरणात तसं काही नाही. रात्री घरात घुसलेल्याला काहीही करता येतं, ही समजूतही सोडून द्या. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत जाणारा हक्क कलम ४१ मध्ये आहे, पण तो जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला लावलेली आग अशा मोजक्याच प्रसंगांपुरता. चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं यात तो येतो तो फक्त जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तेव्हाच.

मालकी एका ठिकाणी मात्र आड येते आणि तीही मालकाच्या विरुद्ध. कलम १९३ असं आहे, की एखाद्या जागेवर बेकायदेशीर जमाव किंवा दंगा होत असेल, किंवा होणार असं समजायला कारण असेल, आणि मालकाने किंवा ताबेदाराने जवळच्या पोलीस ठाण्याला लवकरात लवकर कळवलं नाही, तो थांबवायला कायदेशीर उपाय केले नाहीत, तर त्यालाच दंड होऊ शकतो. दंड हजार रुपयांपर्यंतचाच आहे, पण हे कलम असतं हेच बहुतेक मालकांना ठाऊक नसतं. बेकायदेशीर जमावाला एकाच उद्देशाने आलेले पाच किंवा जास्त लोक लागतात, त्यामुळे दोघा भावांची मारामारी त्यात बसत नाही. कार्यक्रमांना जागा देणाऱ्यांनी, मोकळा प्लॉट भाड्याने देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कायदा मालकाला जास्तीची मनगटशाही देत नाही, जास्तीची जबाबदारी देतो.

आता ढकलणं. धाकट्याला एक फटका बसलेला, गज दुसऱ्यांदा वर गेलेला, तुम्ही ओरडून पाहिलेलं. कलम ४० प्रमाणे हक्क सुरू होतो तो हल्ल्याचा प्रयत्न किंवा धमकी यातून धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की. दुसरा फटका बसेपर्यंत थांबायची गरज नव्हती. डोक्यावर लोखंडी गज म्हणजे मृत्यू किंवा जबर दुखापत यांची भीती, आणि तिथे कलम ३८ लागतं. या कलमाखाली हक्काची हद्द हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचते. हे वाचून छाती फुगवू नका. मी ते एवढ्यासाठी सांगते आहे, की जिथे कायदा इतक्या टोकापर्यंत जायला तयार आहे, तिथे रिकाम्या हातांनी दिलेला धक्का बराच अलीकडचा ठरतो. थोरला दारूच्या अंमलाखाली होता, त्याला भान नव्हतं, असं त्याच्या बाजूने सांगितलं जाईल. त्याच्या शिक्षेच्या वेळी त्याचं काय व्हायचं ते होईल. तुमच्या हक्काला त्याने बाध येत नाही, कलम ३६ नशेतल्या माणसाचा नावानिशी उल्लेख करतं.

समोरचा वकील इथे कलम ३७ काढेल. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर खासगी संरक्षणाचा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, या दोन अटी त्यात आहेत. पहिलीचं उत्तर त्या पाऊण तासात आहे. गज खाली यायला एक क्षण पुरतो, पोलीस यायला पंचेचाळीस मिनिटं लागली. हेच दोघे भाऊ अंगणात नुसते शिव्या देत उभे असते आणि तुम्ही धक्काबुक्की सुरू केली असती, तर ही अट तुमच्या अंगावर आली असती. दुसऱ्या अटीबद्दल कोर्टं सहसा समंजस असतात. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. अचानक धोक्यात सापडलेल्या माणसाने आपला जोर तोळामाशाने मोजून वापरावा, अशी अपेक्षा कायदा करत नाही. मनगट मोडेल हे धक्का देताना तुम्हाला कळणं शक्य नव्हतं.

तरी ते मोडलेलं मनगट कागदावर जड जातं. हाड मोडलं की कलम ११६ नुसार ती ‘जबर दुखापत’ ठरते आणि कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्यावर बहुधा हेच कलम लावलं असेल. त्याला दोन उत्तरं आहेत. एक, ते खासगी संरक्षणात घडलं. दोन, जबर दुखापत करण्याचा इरादा नव्हता आणि ती होईल याची जाणीवही नव्हती, आणि या कलमाला यांपैकी एक तरी लागते. दोन्ही उत्तरं एकदमच मांडता येतात.

मग काठी. थोरला खाली पडला होता, गज लांब होता, मनगट मोडलेलं होतं. धोक्याची रास्त भीती असेपर्यंतच हक्क टिकतो, हे कलम ४० चं दुसरं अर्ध. जय देव विरुद्ध पंजाब राज्य या १९६३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: धोका सरला, समोरचे पळू लागले, की हक्कही संपला. त्यापुढे जे होतं त्याला कायदा सूड म्हणतो. राग येणं माणसासारखं आहे हे मलाही कळतं, पण राग हा खासगी संरक्षणाचा आधार नाही. मांडीवरच्या एका फटक्याला साधी दुखापत म्हणजे कलम ११५(२) लागू शकतं, वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काठी घातक हत्यार धरली गेली तर ११८(१).

खरी भीती याच्या पुढची आहे. मनगट धक्क्याने नाही, काठीने मोडलं, असं थोरल्याने जबाबात सांगितलं तर? मग प्रकरण ११८(२) कडे सरकतं, म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत. तिथे किमान एक वर्षाची शिक्षा आहे, वर जन्मठेपेपर्यंत जाते, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. म्हणून तुमच्या केसचा सगळा भार एका साध्या प्रश्नावर आहे: हाड कशाने मोडलं? उंचावरून हातावर पडल्यावर होणारं फ्रॅक्चर आणि काठीच्या माराने होणारं फ्रॅक्चर डॉक्टरांना बऱ्याचदा वेगळं सांगता येतं. मांडीवरचा वळ त्याच्या एमएलसीत, म्हणजे पोलीस केससाठी दवाखान्यात होणाऱ्या तपासणीच्या कागदात, नोंदलेला असेल, मनगटावर वळ आहे की नाही हेही तिथेच असेल. तो कागद तुमच्या वकिलाने सगळ्यात आधी मिळवायला हवा.

थोरला पडल्यावर परत गजाकडे सरकत होता का? तसं असेल तर काठीचा अर्थ बदलतो, कारण धोका संपलेला नव्हता. पण तसं नसेल तर ते रचू नका. अंगणात कॅमेरा असेल, शेजाऱ्याने मोबाइलवर काही टिपलं असेल, आणि तुमची गोष्ट त्याच्याशी जुळली नाही, तर ढकलण्याबद्दलचं तुमचं खरं बोलणंही कोणी मानणार नाही. वकिलाला काठीसकट सगळं सांगा. पोलिसांपुढे स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर नाही, संविधानाच्या कलम २०(३) ने ते संरक्षण दिलं आहे. गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटं रचण्याचा नाही, आणि या दोहोंतली रेघ वकिलाबरोबर बसून आखून घ्या.

कुलपाचं काय? माणसाला बेकायदा कोंडून ठेवणं हा कलम १२७ खाली गुन्हा आहे. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४० सामान्य माणसालाही अटकेचा अधिकार देतं: आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र, असे दोन्ही गुण असलेला गुन्हा झाला तर. अशा माणसाला विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. ही सहा तासांची मर्यादा नव्या संहितेत आली. आता साधी दुखापत अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, अतिक्रमण जामीनपात्र आहे, त्यासाठी कोणाला डांबून ठेवता येत नाही. ज्यांना वाटतं की आपल्या आवारात भांडणाऱ्याला गोडाऊनमध्ये कोंडून ठेवायचा आपल्याला अधिकार आहे, त्यांनी हे वाचावं. तुमच्याकडे मात्र डोक्यात लोखंडी गज घातलेला होता. तो खुनाचा प्रयत्न ठरला, म्हणजे कलम १०९, तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे आणि मुलाचं कुलूप कायद्यात बसतं. कुलूप लावताच ११२ ला फोन गेला, आणि पोलीस आल्यावर ते लगेच उघडलं असेल, तर ही तुमची भक्कम बाजू. त्या फोनची वेळ मोबाइलमध्ये आहे, तिचा स्क्रीनशॉट काढा आणि फोन फॉरमॅट करू नका, बदलू नका. एक प्रश्न मुलाला विचारा: जखमी धाकटा त्या वेळी फाटकाच्या आत होता की बाहेर? त्याला दवाखान्यात जायचं असताना फाटक बंद असेल, तर ते उत्तर आतापासून तयार हवं.

धाकटा फिरला याने खचू नका. भावाभावांत असं नेहमी होतं, पहिला आठवडा सरला की रक्ताचं नातं बोलायला लागतं. गुन्हा सरकारविरुद्ध असतो, घरगुती म्हणून डोक्यात गज घालायची सूट कोणाला नाही. धाकट्याच्या डोक्याचे टाके, त्या रात्रीचा दवाखान्याचा कागद, पोलिसांनी जप्त केला असेल तर तो गज, पंचनाम्यात नोंदलेलं रक्त, यांचे जबाब बदलत नाहीत. शिवाय खासगी संरक्षण सिद्ध करायचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ ने तुमच्यावर असला, तरी तो सरकारी पक्षाच्या भाराइतका कडक नाही. मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन, १९६८: आरोपीने शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवून दाखवलं तरी पुरे, आणि तेही सरकारी साक्षीदारांच्याच उलटतपासणीतून दाखवता येतं. तुम्ही साक्षीला उभं राहिलंच पाहिजे असंही नाही.

इथे दोन गैरसमजांबद्दल थोडं, कारण अशा पत्रांत ते हमखास येतात. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत असा कायदा आहे ना, असं लोक विचारतात. आहे, पण तो मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आहे आणि रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यापुरता आहे. मारामारीत मधे पडणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दुसरं, नवरा बायकोला मारत असेल तर बाहेरच्याने बोलू नये असं अजून मानलं जातं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायदा, २००५ चं कलम ४ उलट सांगतं: हिंसा झाली, होते आहे किंवा होईल असं वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. भाडेकरू जोडपं असेल तर घरमालकाला हे कलम माहीत हवंच.

अटक. ११७(२) जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पोलिसांना खडसावलं होतं. नोटीस आली तर टाळू नका, वेळेवर जा, पोच घ्या. ११८(२) लावल्याचं कळलं तर मात्र एक दिवसही न घालवता कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात अर्ज करा.

तुमच्या बाजूने काही नोंदवलं आहे का, हे पत्रात नाही. पोलीस आले तेव्हा मुलाचा जबाब घेतला असेल तर त्याची प्रत बघा. घेतला नसेल तर दोघांनी काय पाहिलं ते लेखी तक्रारीत द्या. ठाणेदाराने नोंदवून घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे. ‘त्याने केस केली म्हणून आपणही करू’ या भावनेतून नको, तुम्ही साक्षीदार होतात म्हणून. क्रॉस केस, म्हणजे उलट तक्रार, खुन्नस म्हणून लिहिली की ती वाचताना कळते, आणि त्यात घुसडलेल्या दोन खोट्या ओळी पुढे दहा खऱ्या ओळींना बुडवतात. तुमच्या हाताला, मुलाच्या अंगाला काही ओरखडे आले होते का? अजून दिसत असतील तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवून नोंद करा. आणि अंगणात किंवा समोरच्या घरी कॅमेरा असेल तर हा सल्ला वाचून झाल्यावर आधी तिकडे पळा. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी बहुतेक यंत्रं (डीव्हीआर) काही दिवसांनी जुनं चित्रण पुसून वर नवं भरतात. चित्रण कापू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली फाइल म्हणजे पुरावा असं समजू नका. मूळ साठा जपा, कारण त्याची प्रत कोर्टात देताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

घराबाहेर काढायचं म्हणता. स्वतःहून काढू नका, त्यांचं सामान बाहेर ठेवू नका, पाणी-वीज तोडू नका. विनासंमती बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, आणि आवश्यक सेवा तोडल्याबद्दल महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ तुमच्यावरच उलटेल. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये शेजारपाजारच्या रहिवाशांना उपद्रव हे भाडेकरूला बाहेर काढण्याचं एक कारण आहे. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर रस्ता आणखी सोपा, करारातली नोटिशीची अट बघा. मात्र फौजदारी केस ताजी असताना लगेच नोटीस गेली, तर ‘घर खाली करून घ्यायलाच मारलं’ असं ते म्हणतील. नोटिशीची वेळ वकिलाशी बोलून ठरवा.

आणि खिडकीतून बघत बसायचं का, तर तेवढंही करायची सक्ती कायद्याने केलेली नाही. सामान्य माणसाने मारामारीत उडी घेतलीच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. पोलिसांनी शांतताभंग रोखायला मदत मागितली तर ती द्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१, एवढंच. पण तुम्ही गप्प बसणारे दिसत नाही, म्हणून सांगते. आधी ११२, मग दिवे, मग आवाज. शेजाऱ्यांना नावाने हाका मारा, भांडणाऱ्यांनाही नावाने हाक मारा, नाव ऐकल्यावर पुष्कळदा माणूस भानावर येतो. अंतर ठेवा. आणि मधे पडायचीच वेळ आली तर दोघांपैकी एकाला मागून घट्ट धरू नका. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण सोडवायला गेलेला माणूस आपसूक तेच करतो. तुम्ही एकाला धरलंत आणि दुसऱ्याने त्या क्षणी मारलं, की फिर्यादीत ओळ येते: ‘याने धरून ठेवले व त्याने मारहाण केली’. न्याय संहितेचं समान इराद्याचं कलम ३(५) मग तुमच्या नावापुढे लागतं आणि मारणाऱ्याइतकेच तुम्ही आरोपी होता. ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला अडवा, मार खाणाऱ्याला बाजूला काढा. हत्यार पडलं की ते पायाने दूर सरकवा, उचलू नका, त्यावर तुमच्या बोटांचे ठसे नकोत. मुलांना, पुतण्यांना, कामावरच्या माणसांना ‘या रे सगळे’ म्हणून बोलावू नका. चार जण काठ्या घेऊन आले की सोडवणं संपतं आणि दोन गटांची मारामारी सुरू होते, तिथे खासगी संरक्षणाचा हक्क कोणत्याच बाजूला सहजी मिळत नाही. पोलीस पोचले की मागे व्हा. ते चुकीच्या माणसाला पकडत आहेत असं वाटलं तरी हात आडवा घालू नका.

दोघे भाऊ एक झालेत, म्हणजे आज ना उद्या कोणीतरी मध्यस्थ ‘मिटवून टाका’ म्हणून येईल. ११७(२) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, ११५(२) जखमी माणूस स्वतःच मिटवू शकतो, ११८(२) तसं मिटवता येत नाही. त्यामुळे दोषारोपपत्रात कोणतं कलम येतं हे बघितल्याशिवाय पैशांचं बोलणं करू नका. मध्यस्थ एक कागद पुढे करेल, त्यात ‘माझ्याकडून चूक झाली, रागाच्या भरात मारले’ असं काही लिहिलेलं असेल आणि ते निव्वळ उपचार आहे असं तुम्हाला सांगितलं जाईल. मिटलं नाही तर तोच कागद कोर्टात तुमची कबुली म्हणून पुढे येईल. वकिलाने वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका, मुलालाही करू देऊ नका.